शरफुद्दीनचं अर्धं राहिलेलं मत

शरफुद्दीनला मत नाही असा विषय अजून दारव्ह्यात कोणाला सापडलेला नाही. तुम्ही नुसतं 'आज ऊन लय आहे' म्हणा, तो उत्तर ध्रुवावरच्या बर्फापासून सुरुवात करील आणि चहा संपेपर्यंत तुमच्याच घरावरच्या टिनापर्यंत येऊन पोचेल. माणूस वाईट नाही हो. दाढी मेंदीनं लाल, पोटात पाप नाही, आणि हाताला अशी कला की त्यानं भरलेल्या गादीत कापसाची एक गाठ सापडायची नाही. पण तोंड! त्या तोंडाला सुट्टी म्हणून नाही, बाप्पा.

बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गादी-रजईचं दुकान. पुढच्या भागात तो रुई पिंजतो, गाद्या भरतो. मागं पडद्याआड त्याची बायको शमसुन्निसा खोळी शिवते, रजयांना टाके घालते. घरात दोघं अर्धं हिंदी बोलतात, दुकानात वऱ्हाडी, आणि भांडण निघालं की जी भाषा आधी तोंडात येईल ती. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एकही मत शमसुन्निसानं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. तो 'माझं मत असं की' म्हणाला, की ती 'बस करा, दोरा संपला, घेऊन या' म्हणायची. दोरा संपलेला नसायचा. शरफुद्दीनलाही ते माहीत होतं, पण तो बिचारा दर वेळी उठून दोरा आणायचा.

मग फोमच्या गाद्या आल्या. मोबाईलवर बोट दाबलं की गुंडाळी करून दारात हजर. दुकानात गिऱ्हाईक यायचं कमी झालं आणि ऐकणारंही कोणी उरलं नाही. शेवटी शमसुन्निसानं एक दिवस सुई खोळीत खोचली आणि सांगितलं, "ही लग्नसराई पाहू. नाई जमलं तर दुकान भाड्यानं देऊन टाकू. तुमी दिग्रसले जीशानच्या दुकानात बसा."

हे ऐकून शरफुद्दीनला घामच फुटला. जीशान म्हणजे त्याचा साळा, दिग्रसला टायरचं दुकान. टायर विकायला त्याची काही हरकत नव्हती. पण जीशान हा अख्ख्या जिल्ह्यातला एकच माणूस असा होता, जो शरफुद्दीनपेक्षा जास्त बोलायचा. ईदला सगळे जेवायला बसले की शिरखुर्मा संपेपर्यंत शरफुद्दीनला फक्त 'हाव' एवढंच म्हणायला मिळायचं, तेही अर्धं. जन्मभर त्या माणसाच्या शेजारी स्टुलावर बसायचं? त्यापेक्षा रुई पिंजायच्या मशीनमध्ये दाढी गेलेली बरी, असं त्याला मनापासून वाटलं.

"अब्बा, आपन बी मोबाईलवर जाऊ ना," त्याची पोरगी अस्मा म्हणाली. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि घरात डोकं चालवायचं खातं तिच्याकडे. तिनं दुकानाचं पान उघडलं, फोटो टाकले, तिपाईवर मोबाईल बसवला आणि बापाला बजावलं, "फक्त गादीबद्दल बोलायचं. कापूस कसा, खोळ कशी, टाका कसा. दुसरं काई नाई."

"दुसरं मी कायले बोलू?" शरफुद्दीन म्हणाला. आणि तसं त्याला खरंच वाटत होतं, हीच तर गंमत.

पहिला व्हिडिओ कापसाबद्दल होता. दोन वाक्यं कापसाबद्दल झाली. तिसऱ्या वाक्यात तो म्हणाला की या तालुक्यातल्या लोकांनी सोयाबीन पेरून कापसाशी बेइमानी केली आहे. झालं, सोयाबीनवाले शेतकरी बिथरले. दुसऱ्या व्हिडिओत त्यांची समजूत काढायला तो म्हणाला की दोष शेतकऱ्याचा नाहीच, व्यापाऱ्याचा आहे. व्यापारी बिथरले. तिसऱ्यात त्यानं क्रिकेटच्या टीममधून कोणाला काढावं ते सांगितलं, तेव्हा तर जवळजवळ सगळेच बिथरले. शेजारचा चहावाला उकंडा, जो एरवी कशालाच बिथरत नाही, तो म्हणाला, "शरफूभाऊ, तुमची गादी मऊ हाये, पन तुमाले पाहून कमर दुखते."

पण खरा घात झाला तो चौथ्या व्हिडिओत.

बोरी अरबच्या प्रभावतीबाई, निवृत्त मास्तरीण, त्यांची मुलगी प्रियंका हिचं लग्न ठरलं होतं. बाईंनी फोटो पाहून फोन केला होता: अकरा गाद्या, बावीस उशा, सहा रजया. अशी ऑर्डर दुकानात कित्येक वर्षांत आली नव्हती. शमसुन्निसा त्या दिवशी चक्क गुणगुणत होती. दिग्रस आता दिसेनासं झालं, असं म्हणत शरफुद्दीन खुशीत मोबाईलसमोर बसला, आणि खुशीत त्याला लग्नसराईवर मत आलं.

"माझं मत असं की," तो नव्याकोऱ्या गादीवर थाप मारत म्हणाला, "लग्नात एवढा खर्च कायलेच करावा? पोरीले आंदन देनं बंद करा. चहा पाजा, हार घाला, अन पोरीले मोकळ्या हातानं पाठवा. भांडी नको, कपाट नको, गाद्या नको!"

बोलला आणि थांबला. आपण काय बोललो ते आपल्याच कानावर पडल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की अस्मानं तो व्हिडिओ नंतर कितीदा पाहिला असेल. पण तेव्हा काय उपयोग! तो थेट लोकांपर्यंत पोचून बसला होता. संध्याकाळच्या आत प्रभावतीबाईंचा फोन आला.

"शरफूभाऊ, तुमचं भाषण ऐकलं. पटलं बर्रं मले. जावयाले बी पटलं. आमी आंदन काई देऊन नाई राह्यलो. ऑर्डर राहू द्या."

आता बोला! गादीवाल्यानं गाद्या देऊ नका म्हणून सांगावं आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी त्याचं मत पटावं. बरं, पटलेलं मत मागं घ्यायचं कसं? शमसुन्निसा काही ओरडली नाही. तिनं आत जाऊन जीशानला फोन लावला, आणि पडद्याआडून 'येत्या सोमवारी' एवढे दोनच शब्द शरफुद्दीनला ऐकू आले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आखरी मौका," अस्मा म्हणाली. "उद्या दुपारी लाईव्ह. गादीवर पडा, गादी किती आरामाची हाये तेवढं सांगा, अन उठा. मले पेपर आहे, मी नाई इथं. अब्बा, अल्लाच्या वास्ते, मत नाई द्यायचं."

दुसऱ्या दिवशी ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत बसलेली. शमसुन्निसा एका बाळंतिणीला पाहायला गेली होती. अस्मानं मोबाईल सुरू करून दिला आणि ती पेपरला पळाली. प्रियंकाच्या आंदणासाठी भरलेली पहिली गादी मधोमध अंथरलेली होती. समोर कूलर घुर्र घुर्र करत होता. रात्रभर दिग्रसच्या विचारानं शरफुद्दीनचा डोळा लागला नव्हता. तो आडवा झाला.

"नमस्कार, सलाम, जय भीम. ही पाहा गादी. रुई असल, टाका हातचा. पाठीले कशी..." इथपर्यंत ठीक चाललं होतं. पुढं काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यानं नेहमीचं हत्यार काढलं. "आता हे जगात जे युद्ध सुरू आहे ना, त्याच्याबद्दल माझं मत असं की... दोनी बाजूच्या लोकायनं... सगळ्यात आधी..."

आणि झोपला. सरळ झोपला, राजेहो. तोंड उघडं, एक बोट मत द्यायला वर केलेलं, आणि ते बोट हळूहळू पोटावर उतरलं.

पाच मिनिटांनी तो घोरायला लागला. दहा मिनिटांनी उकंडाची बकरी दुकानात शिरली, तिनं इकडंतिकडं पाहिलं, गादीच्या पायथ्याशी पाय दुमडून बसली आणि तिनंही डोळे मिटले. मोबाईल सगळं दाखवतच होता. आधी सात माणसं पाहत होती. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं गटावर टाकलं, आणि बघता बघता सोयाबीनवाले, व्यापारी, क्रिकेटवाले, ज्यांना ज्यांना त्यानं दुखावलं होतं ते सगळे एका जागी जमा झाले. 'आता कूस बदलते पाहा.' 'बकरी बी घोरून राह्यली का?' 'कोनी उठवू नका बे त्याले, शांती हाये.' उकंडा बकरी न्यायला आला, मोबाईल पाहिला, केसांवरून हात फिरवला आणि पाय न वाजवता परत गेला. दोन तासांनी चार्जिंग संपलं, नाहीतर लोक अजून बसले असते.

जाग आल्यावर शरफुद्दीननं आधी बकरीला पाहिलं, मग मोबाईलला. गेलं, सगळं गेलं. त्यानं एका पिशवीत दोन सदरे भरले. दिग्रसच्या बसची वेळसुद्धा पाहून ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. प्रभावतीबाई.

"भाऊ, ते गादी पाठवा. तेच, बकरीवाली."

"लग्नाची ऑर्डर पुन्हा...?"

"लग्नाची नाई हो, माझ्यासाठी. रिटायर झाल्यापासून मले धड झोप नाई. आज तुमाले पाहिलं. अन म्हटलं, डोक्यात एवढी मतं असून ज्याले असी झोप लागते, त्याच्या गादीत काईतरी दम हाये."

त्यांच्यानंतर एक व्यापारी. मग सोयाबीनवाला. संध्याकाळी अस्मा आली तेव्हा बाप वहीत नावं लिहीत होता आणि शमसुन्निसा जीशानला फोनवर सांगत होती, "सोमवारी ते नाई येऊन राह्यले. काहून म्हंजे? ते झोपून राह्यले ना!" पलीकडं जीशानला काही कळलं नसावं, पण तो बोलतच होता.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी शरफुद्दीन लाईव्ह झोपू लागला. खोटं सांगत नाही, साडेचारशे माणसं पाहायची. उकंडाची बकरीही वेळेवर हजर. पण एक पंचाईत झाली. कामाची झोप म्हटलं की ती येते कशाला? शरफुद्दीन डोळे मिटून जागाच पडून राहायचा, आणि पडल्या पडल्या मतं अशी दाटून यायची की शेवटी त्यानं झोपेत बडबडल्यासारखं करून एक मत सोडून पाहिलं. कापसाच्या भावाबद्दल. कोणी रागावलं नाही! झोपेतल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं? उलट लोक मोबाईल कानाला लावून ऐकायला लागले. जागेपणी ज्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या तेच आता 'पाहा, झोपेत किती बरोबर बोलते' म्हणायचे. शरफुद्दीन डोळे मिटल्या मिटल्या खूश होता. सुख आणखी काय असतं?

असाच एक मंगळवार. शरफुद्दीन पडलेला, बकरी पायाशी, साडेचारशे माणसं मोबाईलवर. पडद्याआडून शमसुन्निसाचा आवाज आला, हळू, फक्त त्याला ऐकू जाईल इतका.

"ऐकलं का? ते युद्धाचं तुमी काय म्हनून राह्यले होते त्या दिवसी? दोनी बाजूच्या लोकायनं सगळ्यात आधी... काय? अर्धंच राह्यलं ना ते."

बावीस वर्षं! बावीस वर्षांत पहिल्यांदा ही बाई आपलं मत विचारून राह्यली, आणि नेमकं आपल्याला झोपायचं आहे. डोळे उघडले तर धंदा जातो, मिटून ठेवले तर हा क्षण जातो. त्यानं कूस बदलली. बदलून परत पहिली घेतली. लोकांनी लिहिलं, 'आज मामू बेचैन हाये.' दारापाशी उभी असलेली अस्मा दोन्ही हातांनी 'पडून राहा, पडून राहा' म्हणून खुणावत होती.

शरफुद्दीन उठून बसला. मोबाईलच्या समोर गेला, साडेचारशे लोकांना म्हणाला, "माफ करा, घरी काम हाये," आणि त्यानं मोबाईल बंद केला. मग पडदा बाजूला सारून म्हणाला, "ये इकडं. गादीवर बस. पहिल्यापासून सांगतो."

शमसुन्निसा आली. दिवसभर खोळी शिवून तिची पाठ वाकली होती. बसली, मग उशीला टेकली. शरफुद्दीननं घसा साफ केला. त्यानं नकाशा हवेत काढला, सीमा दाखवल्या, इतिहास सांगितला, आणि आता मुद्द्यावर यायचं म्हणून वळून पाहिलं, तर ती गाढ झोपलेली. हातात सुई तशीच, तोंडावर सगळ्या दिवसाचा थकवा, आणि तरी चेहरा असा मोकळा, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांनंतर त्यानं तो पाहिलेला नव्हता. ही बाई बावीस वर्षं गाद्या शिवते आणि त्यातल्या एकीवर कधी दुपारची पडलेली नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्यानं तिच्या बोटांतली सुई हळूच काढून घेतली. कूलरचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"अब्बा," अस्मा आत येत म्हणाली, "लोक विचारून राह्यले, मामू काय झालं म्हनून. अन ते युद्धाचं तुमचं मत..."

"हळू बोल," शरफुद्दीन कुजबुजला. "तुही अम्मी झोपली."

आणि तो दुपारभर पायथ्याशी बकरीजवळ बसून राहिला, तोंडातून एक शब्द न काढता.