कॅनमधलं पाणी

कोयनानगरजवळ डोंगरात भावाने सुट्टीसाठी एक बंगला भाड्याने घेतला होता. जाहिरातीत त्याला ‘इटालियन व्हिला’ म्हटलं होतं. दारात प्लास्टरचे दोन सिंह आणि मागे निळाशार स्विमिंग पूल. मुलं त्यातून बाहेर निघेनात. माझं डोकंच फिरलं. एवढ्या लांब येऊन टाकीतलंच पाणी बघायचं, तर आमची दुष्काळी आटपाडी काय वाईट होती?

मी आईला गाडीत बसवलं आणि रखवालदाराने सांगितलेल्या कच्च्या रस्त्याने धरणामागच्या पाण्याकडे निघाले. आईच्या मांडीवर घरून भरून आणलेला पाण्याचा कॅन होता. आमच्याकडची माणसं पाणी घेतल्याशिवाय गाव सोडत नाहीत, अगदी कोयनेला जातानासुद्धा. त्यावरून मी कराडपर्यंत तिच्याशी भांडत आले होते.

शेवटच्या वळणावर झाडी संपली. समोर पाणीच पाणी, डोंगरांच्या बेचक्यांतून पार नजरेपलीकडे गेलेलं. आईने काठापासून लांबच चपला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा. लहानपणी मेंढरांमागे फिरताना हंडाभर पाण्यासाठी वणवण केलेली ती कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली.

मग तिने कॅनचं झाकण उघडलं आणि आतलं सगळं पाणी हळूहळू त्या पाण्यात ओतलं. तिच्या हातून थेंब सांडलेला मी कधी पाहिला नव्हता.

“अगं आई, हे काय करतेस?”

“आपल्या पान्यालाबी बघू दे की,” ती म्हणाली, “येवढं पानी असतंय ते.”