सोपटाची थंड मोटार

गिरीज ते वसई रोड स्टेशन या रस्त्यावर हिवाळा आणणारा पहिला माणूस मी. तोही ऐन मे महिन्यात. माझ्या मोटारीत मागच्या सीटवर बसलेल्याला हुडहुडी भरायची, पुढच्या काचेला आतून दव धरायचं, आणि एका गृहस्थांनी तर उतरता उतरता माझ्याकडे कानटोपी मागितली होती. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की ते दव आता मलाही दिसतं. पण आज लिहायला बसलो आहे आणि समोर मान डोलवायला कुणी नाही. अशा वेळी थापेला चव येत नाही. तेव्हा जमेल तेवढं खरं लिहितो. जिथे हात सैल सुटेल तिथे तुम्हीच काय ते वजा करा.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमची वाडी केळीची आणि पानवेलीची. आमच्या केळीचा लोंगर उतरवायला चार माणसं लागायची आणि पाचवा ओरडायला, असं मी सांगत असे. वाडीत दिवसा गडी असत, पण घरात माणूस मी एक आणि खोल्या सात. मी रोज वेगळ्या खोलीत जेवायला बसायचो. प्रत्येक खोलीच्या कानावर आठवड्यातून एकदा तरी भांड्याचा आवाज पडावा म्हणून. लोक याला थाप समजतात. ही थाप नाही.

बायको तापाने गेली तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. घरात दुसरी बाई नाही, म्हणून बायकोच्या थोरल्या बहिणीने तिला दादरला नेलं. त्यांना मी ताई म्हणायचो. मुलगी त्यांना आई म्हणायची, त्यांच्या यजमानांना बाबा म्हणायची आणि मला ‘वसईचे बाबा’. जशी वसईची केळी, तसे वसईचे बाबा. मे महिन्यात ताई तिला एका दिवसापुरती माझ्याकडे आणायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत न्यायच्या.

मोटार मी तिच्यासाठी घेतली. स्टेशनाबाहेर टांगे रांगेने उभे असत, पण घोडा जवळ आला की पोरीला दम लागायचा, डोळे सुजायचे. मग बैलगाडीत तास-दीड तास उन्हात. राजोडीला समुद्राची हवा खायला येणाऱ्या एका शेठजींना जुनी मोटार काढायची होती, ती मी आणली. काळी, बंद टपाची, आणि अशी म्हातारी की हॉर्न वाजवला तर आधी खोकायची. गोठ्यातले बैल बाहेर काढले आणि ही आत बांधली. म्हणजे उभी केली.

पहिल्याच वर्षी हिने दगा दिला. अर्ध्या वाटेत रेडिएटर उकळला, खिडकीची काच वर गेली ती अडकून बसली, आणि बारा वाजता त्या काळ्या पेटीत पोर बेशुद्ध पडली. ताईंनी तिला शेजारच्या वाडीत नेऊन तोंडावर पाणी मारलं.  

पुढच्या वर्षी एप्रिलअखेर त्यांचं पत्र आलं. ‘भाऊजी, ती सहा वर्षांची होईल. आपल्या घराची तिला ओळख असावी असं मलाही वाटतं. यंदा तिला सगळा मे महिना तुमच्याकडे ठेवीन म्हणते. पण स्टेशनापासून घरापर्यंत गेल्या वर्षीसारखं काही झालं, तर त्याच पावली परत नेईन, आणि मग ती मोठी होईपर्यंत नाव काढू नका.’

सगळा महिना! मी पत्र सातही खोल्यांत वाचून दाखवलं. आणि त्याच भरात उत्तर लिहिलं की काळजी नसावी, मोटारीला थंड हवेचं यंत्र बसवलं आहे, मुलीसाठी एखादी लोकरीची बंडी बरोबर द्यावी. टपालात टाकल्यावर ध्यानात आलं की यंत्र आता कुठून तरी आणायला हवं.

मोटार घेतली तेव्हा सीटखाली एक पत्र्याचा नळा निघाला होता. हातभर लांब, एका तोंडाला जाळी, आत काहीतरी खडखडणारं. लढाईत न फुटलेला बॉम्ब म्हणून मी तो गावभर दाखवला होता आणि पोलीस पाटील आठ दिवस आमच्या बांधावरून जात नव्हते. जूचंद्रचा एक मिस्त्री होता, लढाईत फौजेच्या मोटारी दुरुस्त करायला दूर वाळवंटाकडे जाऊन आलेला. अडकलेली काच काढायला त्याला बोलावलं. त्याने बॉम्ब उचलून उलटा केला आणि आतून उंदराचं घरटं खाली पाडलं.

“शेट, यो बॉम्ब नाय. यो थंड हवेचा डबा हाय. तिकडं सायबांच्या गाडीला असायचा.”

मला देवच भेटला. मी म्हटलं, “चालू होईल?”

“त्यात चालू काय व्हायचंय? खिडकीत बसवायचा. आत पानी. यी दोरी ओढली का आतली गिरकी फिरते, भरन पान्यात बुडून वर येतं. गाडी पळाली का जाळीतून वारा येतो, भरनातून जातो, गार होऊन आत पडतो. पन भरन सगळं उंदरानी खाल्लं. वाळा घाला नवा.”

“वाळा कुठे मिळेल?”

“मुंबईला.” मग त्याने काच खालीवर करून दाखवली. “आनि शेट, कशाला पायजे? काच चालते आता. रेडिएटर मी बघतो. खिडकी उघडी ठेवा, वारा येल. आपल्या हवेत आधीच पानी, यो डबा इथं किती गार करनार?”

“अरे, पण मी पत्रात लिहून बसलोय.”

“मंग दुसरं पत्र लिवा.”

“आणि काय लिहू? की मी खोटारडा आहे?”

“त्यांना म्हाईत नसल का त्ये?” मिस्त्री म्हणाला, आणि हसत मोटारीखाली शिरला.

ताई परवा यायच्या होत्या. मुंबईला जाऊन वाळा शोधायला दिवस नव्हता. पण मी पानवाडीवाला माणूस. आमची नागवेलीची पानं करंड्यांतून रेल्वेने दूर दूर जायची. करंडीला आतून केळीच्या बुंध्याचं ओलं सोपट, म्हणजे त्याचं जाड सालपट, लावायचं, त्यावर पानं रचायची, वर पुन्हा सोपट. चार दिवस आगगाडीच्या डब्यात भाजली तरी उघडल्यावर पान असं निघायचं की जणू वेल अजून त्याला धरून आहे. सोपटात नुसत्या पोकळ्या असतात, आणि त्या पाणी धरून ठेवतात. माझ्या वडिलांनी अख्खा हिंदुस्थान या सोपटावर हिरवा ठेवला होता. माझी एक पोर गिरीजपर्यंत हिरवी राहायला वाळा कशाला हवा?

दुसऱ्या सकाळीच एक बुंधा उभा चिरला. सोपटाच्या पट्ट्या काढल्या, ठेचून मऊ केल्या आणि गिरकीभोवती गच्च भरल्या. तेवढ्याने भागेना म्हणून मागच्या सीटच्या पाठीलाही सोपट लावलं. वर पोतं, पोत्यावर चादर. मोटारीची करंडीच केली म्हणा ना. विहिरीचं पहाटेचं पाणी माठात धरलं होतं, ते नळ्यात ओतलं. मग नळा मागच्या खिडकीत बसवला, दोरी मिस्त्रीच्या हातात दिली आणि गोठ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. नळ्यातून वारा आला, त्याला केळीच्या बागेत पाट सोडल्यावर येतो तसा वास होता. गार? ओल्या पंचाने तोंड पुसल्यावर वाटतं तितका गार. पण वाळवंटातून आलेल्या मिस्त्रीने गाल नळ्याशी नेला आणि म्हणाला, “हां. झुळूक हाय.” माझ्या हिशेबी ते हिमालयाचं प्रमाणपत्र होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीने त्या आल्या. ताई पांढऱ्या सुती पातळात, पोर नव्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये. हातात खरंच लोकरीची बंडी.

“कुठाय तुमचं यंत्र?” ताई म्हणाल्या.

मी नळा दाखवला. त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. “हे यंत्र?”

“परदेशी आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. ताईंचा ‘बरं’ ज्याने ऐकला नाही त्याला मी तो लिहून कळवू शकत नाही.

मोटार सुटली. पोर खिडकीपाशी. मी ओरडलो, “बाळ, दोरी ओढ!” तिने ओढली. काहीच झालं नाही. मी मोटार जरा दामटली, तिने दोन्ही हातांनी हिसका दिला, आणि फुर्र करून गार पाण्याचा सपकारा दोघींच्या अंगावर उडाला. ताई दचकल्या. आणि पोर जी हसत सुटली! पुन्हा ओढली. पुन्हा सपकारा.

“वसईचे बाबा, पाऊस!”

“अगं पुरे, भिजलो ना,” ताई म्हणत होत्या, पण पदराने तोंड पुसता पुसता त्याही हसत होत्या. “भाऊजी, आहे हो गार!”

वाटेत लोक बघत उभे राहिले. मी हॉर्न वाजवला, मोटार खोकली, पोर आणखी हसली. घर आलं तरी ती उतरेना. ताईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, डोळे पाहिले आणि बंडी पिशवीत परत ठेवली. संध्याकाळी मी त्यांना एकट्यांना स्टेशनावर सोडलं. पोर राहिली. सगळा महिना राहणार होती. पोर राहिली या गोष्टीत मी आजवर एक शब्दही घातलेला नाही. घालायची गरजच पडली नाही.

सकाळी फ्रॉक दोरीवर वाळला होता. त्याच्यावर छातीपासून घेरापर्यंत तपकिरी शिंतोडे. गंज चढावा तसे.  केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो. वाळला की रंग धरतो, आणि मग तो धोब्याच्या बापाच्यानेही निघत नाही. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मला नसावं? माझा प्रत्येक सदरा, प्रत्येक धोतर त्याच रंगाचं. बायको असताना वाडीतले कपडे वेगळे आणि घरातले वेगळे असायचे. मी तसाच आत आलो तर ती दारातच ओरडायची. ती गेल्यापासून घरात पांढरं काही उरलंच नव्हतं. ओरडणारंही कुणी नव्हतं. डाग नावाची गोष्ट असते हेच मी विसरून गेलो होतो.

पोरीला डागाचं काही वाटलं नाही. पहिल्या दिवशी तिने मला मोटारीतून अकरा फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सातही खोल्या दाखवून झाल्या, मी तिला बॉम्बची गोष्ट सांगितली, लोंगराची सांगितली. तिने विचारलं, “खरं?” मी म्हटलं, “अगदी.” ती म्हणाली, “आई म्हणते वसईचे बाबा थापा मारतात.” मी म्हटलं, “पण थंड मोटार होती की नाही?” तिने विचार करून मान हलवली.

पण पहिल्याच संध्याकाळी दिवेलागणीला ती पायरीवर जाऊन बसली होती. काही बोलेना, जेवेना. मी पाच आवाज काढून दाखवले, त्यात मोटारीचा खोकलाही होता. तिने नुसतं विचारलं, “आई कधी येणार?” दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तिने विचारलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून आवाज न करता रडत राहिली. सहा वर्षांच्या पोरीने आवाज न करता रडावं, हे कुठे शिकली कोण जाणे. पोर रडते म्हणून मी ताईंना पत्र टाकलं.

ताई आल्या त्या दुपारच्या गाडीने. दारातच पोर त्यांना बिलगली. त्या मला म्हणाल्या, “लिंबू लावलं, ताक लावलं, रिठा संपला. पातळ गेलं माझं.” मी मान खाली घातली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, मी अट घातली ती उन्हाची. रडण्याची नव्हती घातली. ठेवून घ्या, आठ दिवसांत रुळेल. मी समजावते तिला.”

खरं सांगतो, मी ‘बरं’ म्हणणार होतो. पण पोर तोवर मोटारीत जाऊन बसली होती, दोरी हातात धरून. खिडकीतून तिने हाक मारली, “आता घरी जायचं ना?”

मी म्हटलं, “थांब, यंत्र भरून घेतो.”

नवा बुंधा चिरला. जुनं सोपट काढून ताजं भरलं, विहिरीवरून पाणी आणलं. या वेळी सोपट पाच पाण्यांनी धुतलं आणि नळ्याच्या तोंडाला माझं उपरणं बांधलं, शिंतोडे अडवायला. ताई पायरीवरून बघत होत्या. डागाचा फ्रॉक त्यांनी दोरीवरच राहू दिला. “पुढच्या खेपेला इथे घालायला होईल,” म्हणाल्या.

स्टेशनापर्यंत पोर दोरी ओढत होती आणि गात होती. गाडी सुटताना तिने मला हात केला आणि ओरडून सांगितलं, “पाऊस जपून ठेवा!”

परत निघालो. ती दोरी मागच्या सीटवर लोंबत होती. चालवणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. तो डबा करणाऱ्याने असा का केला असेल ते मला अजून कळलेलं नाही. ओढायला मागे दुसरं माणूस लागतंच. अर्ध्या वाटेत सोपटाची वरची बाजू सुकली, आणि घर येईतो नळ्यातून नुसता ऊन वारा येत होता.

फ्रॉक दोरीवरून काढून मी घडी करून ठेवला. ती पुढच्या मेमध्ये आली, दोन रात्री राहिली. फ्रॉक तिला वीतभर आखूड झाला होता. वीतभरच. हे मी फुगवून सांगत नाही, अंगाला लावून बघितला होता.