आजाऱ्यांच्या यादीतलं एक नाव

शहराच्या छावणी भागातल्या आमच्या चर्चमध्ये मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे करायची रदबदली, वाचण्याचं काम माझ्याकडे आहे. तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला आवाज वाया जाऊ नये, एवढंच त्यामागचं कारण. आधी जगासाठी एक वाक्य, मग सरकारसाठी एक, मग आजाऱ्यांची नावं. माणूस बरा झाला की आभार मानून नाव खोडायचं. गेला, तर खालच्या, मृतांच्या यादीत घ्यायचं.

गाझातलं युद्ध सुरू झाल्यापासून जगाच्या वाक्यात मी 'पॅलेस्टाईन आणि इस्राएलमध्ये शांती व न्याय नांदो' एवढं घालत होते. दर रविवारी मंडळी आमेन म्हणायची आणि माझी मलाच लाज वाटायची. बसस्टँडवरची घोषणासुद्धा याहून जीव लावून करतात.

एकदा उपासनेनंतर मावशींनी मला गाठलं. मावशींनी सरकारी दवाखान्यात आयाचं काम करत हयात घालवली, आता पंच्याहत्तरीच्या आहेत. यादीत ज्याचं नाव येईल त्याला आठवड्याच्या आत भेटून यायचं, हा त्यांचा नेम. म्हणाल्या, "बाई, शांती-न्याय म्हणलं की माझं ध्यान उडतंय. मानसाचं नाव घ्या की."

मला राग आला, कारण म्हणणं खरं होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी जेवण उरकून फोन चाळत बसले होते. गाझातल्या एका दवाखान्याचा व्हिडिओ लागला. व्हरांड्यात फरशीवर सात-आठ वर्षांची मुलगी, केसांत धूळच धूळ. कुणीतरी तिला काहीबाही विचारत होतं आणि ती प्रत्येक प्रश्नाला फक्त स्वतःचं नाव सांगत होती. ते नाव आपल्या शहरात गल्लोगल्ली आहे. माझ्या वर्गातही दरवर्षी त्या नावाची एखादी असायचीच. रविवारी मी ते आजाऱ्यांत वाचलं, कुणाचा मधुमेह आणि कुणाचा गुडघा यांच्या मधोमध. नुसतं नाव. आडनाव, पत्ता आम्ही वाचत नाही.

तेव्हापासून ते नाव माझ्या मागेच लागलं. बाजारात भाजी घेताना एखादी आई आपल्या पोरीला त्या नावानं हाक मारायची, आणि पोरीची ओ येईपर्यंत मला श्वास घेववत नसे. तिकडची ती जगली की नाही, हे मला कोण सांगणार होतं? वरच्या यादीत वाचत होते खरी, पण दर वेळी नजर खालच्या यादीकडे जायची.

तीन आठवड्यांनी मावशी हसतच चर्चमध्ये आल्या. त्या नावाची पोरगी त्यांनी शोधून काढली होती. सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात होती म्हणे, फुलंब्रीकडची, न्यूमोनिया झालेली. मावशी रोज बिस्किटं घेऊन गेल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि पोरीच्या आईनं शेजारी बसून दुआ मागितली.

"काल चालत घरी गेली," मावशी म्हणाल्या. "आता आभार माना आन् नाव खोडा."

मी वाचत होते ते नाव तिकडच्या पोरीचं, हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, भित्रीच मी. पुढं उभं राहून त्या मुलीसाठी देवाचे आभार मानले. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण नावावर रेघ ओढली तेव्हा वाटलं, फरशीवरच्या त्या पोरीला मीच तिथं टाकून निघाले.

पुढच्या रविवारी ते नाव मी पुन्हा लिहिलं आणि पुन्हा वाचलं. सगळ्यांचं आमेन झाल्यावर मावशींचं एकटीचं उशिरा आलं.

बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरला. "परत आजारी पडली व्हय?"

"नाही मावशी. ही दुसरी."

"असंल. लई पोरींचं हाय ते नाव," मावशी म्हणाल्या, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "कंच्या वार्डात हाय, तेवढं सांगा."