न दिसलेला जाळ

आमचा पराग साधा मेकॅनिक नाही, असं सासूबाई अख्ख्या सुलतान बाजारला सांगत फिरतात. खरंय. साधा असता तर मला रात्री झोप तरी लागली असती!

अफझलगंजच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. शौकिनांच्या टर्बो गाड्या येतात. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, ती तापते आणि इंजिन आतून ठोके द्यायला लागतं. मग हा पठ्ठ्या त्या हवेत पाणी आणि मिथेनॉलचा बारीक फवारा सोडतो. तापलेल्या पोराच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसं, म्हणे. इंजिन थंड, गाडी सुसाट, आणि माझ्या जिवाला घोर. मिथेनॉल म्हणजे विष, वर पेट घ्यायला टपलेलं. त्याच्या आसपास काडी ओढायची नाही, हा गॅरेजचा पहिला नियम.

पण खंडेनवमीला नियम कोण पाळतो? त्या दिवशी हत्यारांची पूजा, गाड्यांना झेंडूचे हार. गिऱ्हाईक घाई करत होतं, म्हणून पराग भर दुपारी गॅरेजच्या अंगणात गाडीची डिकी उघडून तिथल्या टाकीत मिथेनॉल ओतत होता. सासूबाई निरांजन पेटवून तयार.

"आई, नक्को! दोन मिनिटं थांब."

"मुहूर्त तुझ्यासाठी थांबणाराय का रे?" म्हणत त्यांनी डिकीपाशीच ओवाळायला घेतलं. आम्ही आरती सुरू केली. आमची सहा वर्षांची ईशा बापाला चिकटून टाळ्या वाजवत होती.

एकदम परागने तिला असं ढकललं की पोर फरशीवर आपटली. कोपर फुटलं, रक्त आलं.

"वेड लागलं का तुला? सणाच्या दिवशी लेकराला मारतोस?" सासूबाई कडाडल्या. मीही ओरडत धावले. तो नुसता हात झाडत होता. आग नाही, धूर नाही, लख्ख ऊन पडलेलं. त्याची बाही मात्र आपोआप काळी पडून आक्रसत चालली होती. मिथेनॉलचा जाळ उन्हात दिसत नाही, हे आम्हाला कुठे ठाऊक!

त्याने हात पाण्याच्या पिंपात खुपसला, मग बादल्यांवर बादल्या डिकीत ओतल्या. तेव्हा कुठे माझ्या तोंडची आरती थांबली. हो, मी ओरडता ओरडता मधेच आरती म्हणत होते. भीतीने माणसाचं काय होईल, सांगता येत नाही.

परागचा हात कोपरापर्यंत भाजलाय. बँडेज सुटायच्या आधीच स्वारी पुन्हा कामावर. सासूबाई आता आरती घरीच उरकतात, गॅरेजचं नाव काढत नाहीत. मी मात्र तासातासाला फोन करते.

"सगळं ठीक आहे ना?"

"हौ गं, सगळं ठीक."

त्या दुपारीही आम्हाला सगळं ठीकच दिसत होतं.