शकूआक्का आणि बाईचे झालेले कोट

आक्का गेली तेव्हा मी अंबाजोगाईच्या बाजारात शेपूच्या जुडीवरून भांडत होते. यंदा पावसानं पाठ फिरवलेली, जुडी म्हणजे नुसत्या चार काड्या आणि वर भाजीवाल्याचा रुबाब केवढा! तेवढ्यात फोन वाजला. दिंद्रुडहून आक्काच्या शिवणसंस्थेतली गोदावरी बोलत होती. "वैनी, निगा लगेच. आक्का... आक्का ऱ्हायल्या न्हाईत." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस, काल तर तिनं मला फोनवर झापलंय." खरंच झापलं होतं. गुडघे दुखतात म्हणून मी दिंद्रुडला जायचं टाळत होते, तर म्हणाली, "गुडघे तुझे दुखतात, एसटीचे नाही." आणि आता ही बातमी. जुडी तिथंच टाकली आणि स्टँडकडे सुटले. दुखणारे गुडघे त्या दिवशी कुठं गेले होते कोण जाणे.

त्याला आता महिना होऊन गेला. नणंद असली तरी लिहिताना मी तिला एकेरीच लिहिणार. तोंडावर तशी कधी हिंमत झाली नाही, आता कोण मला झापायला येतंय?

शकुंतला, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन मुंबईला गेली आणि ऐन तिशीत नवरा गेला. माहेरच्यांनी परत बोलावलं, तर म्हणाली, "येईन, पण पेन्शन घेऊन येईन." बंदरावर परदेशातून माल उतरतो, तो कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका एजंटाच्या कचेरीत ती लागली. तिच्या वाट्याला आले कपडे, त्यातही अंगावर सगळ्यात वरून घालायचे. कोट, जाकिटं, वाऱ्यापावसाचे डगले. येणारा प्रत्येक कपडा सरकारी जकातीच्या कुठल्या कप्प्यात बसतो ते ठरवायचं, कारण कप्पा बदलला की जकात बदलते. मी शाळेत शिकवणारी बाई, मला आधी वाटलं, यात ठरवायचं काय? कोट म्हणजे कोट. हे मी बोलून दाखवलं आणि फसले. सबंध दुपार तिनं माझी शिकवणी घेतली. सुयांवर विणलेला की मागावरच्या कापडाचा? हा सगळ्यावरून घालायचा की याच्यावर आणखी काही चढणार? पुरुषाचा की बाईचा? "आणि तो कसा कळणार?" मी विचारलं. "समोरून बघ," ती म्हणाली. "बटणं लावल्यावर घालणाऱ्याची डावी बाजू वर आली तर पुरुषाचा, उजवी वर आली तर बाईचा. देशोदेशी हाच नियम. कटिंगवरून उघडच कळत असेल तर गोष्ट वेगळी." "आणि कशावरूनच कळलं नाही तर?" यावर ती खदखदून हसली. "तर तो बाईच्या कप्प्यात टाकायचा. ज्याचं कुठं काही ठरत नाही ते बायकांच्या गळ्यात, सुनंदा! कस्टममध्येसुद्धा सुटका नाही."

लग्नाकार्यात तर तिच्या शेजारी उभं राहायची चोरी. माझ्या लेकाच्या साखरपुड्यात तिनं व्याह्यांच्या जाकिटाचं टोक उचलून अस्तर बघितलं होतं. बिचारे व्याही! खिशातलं काही पडलं की काय म्हणून स्वतःच खाली वाकून शोधायला लागले.

बोलली होती तशी ती पेन्शन घेऊनच माहेरी, दिंद्रुडला परत आली, आणि आली ती नेमकी दुष्काळात. विहिरींचे तळ दिसत होते, टँकरची शिट्टी वाजली की घागरी घेऊन धावायचं. आमच्या भागात दिवाळी झाली की ऊसतोडीला नवराबायकोच्या जोड्या निघतात. अशा जोडीला कोयताच म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव! त्या वर्षी तर गावच्या गाव निघायच्या तयारीत होतं. आक्का घरोघर फिरली. कुणाच्या घरी शिवणाचं मशीन आहे, कोण ब्लाउज शिवतं, कोणाचा हात सरळ चालतो, एवढंच विचारायची. आणि मग म्हणाली, सहकारी संस्था काढायची. लोक हसले. आमच्याकडे सहकार म्हणजे साखर कारखाना, दूध संघ आणि पुरुषांच्या खुर्च्या. बायकांच्या शिवणाची कसली सोसायटी? पण सेवा सोसायटीचं एक जुनं गोदाम पडून होतं, युरियाच्या वासाचं. ते तिनं भांडून मिळवलं. वास जायला बरेच दिवस लागले, संस्था मात्र लगेच उभी राहिली. अध्यक्ष गोदावरी. मेंढरं राखणाऱ्या घरातली सून, ब्लाउज शिवण्यात पंचक्रोशीत पहिली आणि तोंडानं माझ्या नणंदेच्या बरोबरीची.

आक्कानं ओळखीतल्या मुंबईच्या एका शेठकडून पहिलं काम आणलं. थंड मुलखातल्या कामगारांसाठी जाड लोकरी कापडाचे पुरुषांचे कोट. कापड त्याचं, नमुन्याचा एक कोट त्याचा, शिलाई आमची. हे काम नीट गेलं तर पुढचं कायम मिळणार होतं आणि बायकांना कोयत्याला जावं लागणार नव्हतं. बिघडलं तर ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक चौकात येऊन उभा राहणारच होता. एवढं सरळ होतं ते.

आणि नेमकी तेव्हाच आक्का आजारी पडली. मूतखडा. सगळे तुकडे कापून, समजावून सांगून ती अंबाजोगाईला माझ्याकडे आली. ऑपरेशन झालं. खाटेवर पडून ती माझ्या पडद्यांच्या शिलाईला नावं ठेवायची, डॉक्टरांच्या ॲप्रनच्या बटणांकडे टक लावून बघायची आणि दिवसातून दहादा गोदावरीला फोन करायची. "सगळं झॅक चाललंय आक्का, तुमी निजा," असं तिकडून उत्तर यायचं. दरम्यान शेठचा माणूस येऊन नमुन्याचा कोट परत घेऊन गेला होता. ते कुणी सांगितलंच नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटलं.

टाके सुकल्यावर मी तिला दिंद्रुडला घेऊन गेले. काय सांगू, गोदामात नुसता सण होता! घड्या घातलेल्या कोटांच्या थप्प्या लागलेल्या, दाराला आंब्याचा टहाळा. आणि मधोमध गोदावरीचे सासरे, बापू. मेंढरांमागून तसेच उचलून आणलेले. खाली धोतर, डोक्याला पटका आणि अंगात तो जाड लोकरी कोट. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि बापू घामानं निथळत ताठ उभे. "कसं काय, आक्कासाब?" ते म्हणाले. "सायब दिसतो का न्हाई?"

आक्कानं कोटाच्या बटणांकडे बघितलं. मग खाली बसली, तिथंच, फरशीवर. मला वाटलं टाके तुटले.

"गोदे," ती हळू आवाजात म्हणाली, "हा बाईचा कोट झाला गं."

"आँ?" बापू म्हणाले. "म्या काय बाई दिसतो व्हय?"

कुणी हसलं नाही. कारण आक्कानं थप्पीतला दुसरा कोट उघडला, मग तिसरा, मग खालून एक ओढला. सगळ्यांची उजवी बाजू वर! बायकांनी जन्मभर ब्लाउज शिवलेले. हुकाची पट्टी उजवीकडे, ती वर, हे त्यांच्या बोटांत बसलेलं. नमुना समोर होता तोवर ठीक. तो गेल्यावर हातांनी आपल्या ओळखीचा रस्ता धरला आणि काजांची पट्टी उजवीकडे बसवून मोकळे झाले. गोदावरी आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "डोस्क्यात डावीच हुती, आक्का. हातच तसा वळला."

शेठला फोन लावला. तो मुंबईहून मधासारख्या आवाजात म्हणाला, "ताई, एवढं काय मनावर घेता? कागदावर पुरुषांचे लिहू. तिकडे कोण एकेक उघडून बघतंय?"

"मी बघत होते," आक्का म्हणाली. "जन्मभर तेच उघडून बघत होते." आणि फोन ठेवला.

मग बायकांची कुजबुज सुरू झाली, शेठच हो म्हणतोय तर अडलं कुठं? कागदावर एक आणि कपड्यावर दुसरंच सापडलं तर सबंध माल अडकतो, शेठ हात वर करतो आणि दिंद्रुडच्या बायकांना पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, हे आक्कानं समजावून सांगितलं. भिंतीशी बसलेली एक जण उठली आणि म्हणाली, "जाऊ द्या खड्ड्यात. आमचं मालक रोज बोलायलेत, मुकादम थांबायचा न्हाई. कोयता तरी धरू." तिचंही खरंच होतं. मला वाटलं, संपलं सगळं. काज एकदा कापलं की कापलं, ते काय पुन्हा बुजतंय?

आक्कानं ब्लेड मागितलं. एका कोटाची काजांची पट्टी टाका टाका करत उसवून काढली, फरशीवर आडवी ठेवली आणि बोटांनी काजांमधली अंतरं मोजली. मग तिनं पट्टी गर्रकन फिरवली. वरचं टोक खाली, खालचं वर. आणि कोटाच्या डाव्या बाजूला लावून धरली. बसली! काजांची अंतरं सारखी होती, पट्टी सरळ होती, जोडायची कड बरोब्बर दुसऱ्या बाजूला आली. बटणांची पट्टी तशीच फिरवून उजवीकडे. "एक सूतसुद्धा कापड वाया जात नाही," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांनी हसली. "ब्लेडं आणा गं."

उसवणं शिवण्याहून वाईट. आपल्याच हातानं घातलेले टाके, तेही पक्के घातलेले! बोटं सोलली, शिव्या झाल्या, एकदोघी रडल्या. उसवल्यावर सुईची भोकं दिसायची, ती ओल्या फडक्यानं इस्त्री करून बुजवावी लागायची. आणि ओलं फडकं करायला पाणी कुठं होतं? टँकर तीन दिवसांआड यायचा. तेव्हा प्रत्येक जण घरच्या वाट्यातून तांब्याभर पाणी पदराखाली घेऊन यायला लागली. सासवा ओरडल्या. गोदावरीच्या नवऱ्यानं तिची वाट अडवली. "मुकादमाला काय सांगू आता?" असं तो बापाला विचारायला गेला, तर बापूंनी त्यालाच सुनावलं, "सांग, कोयता थांबंल. कोट थांबायचा न्हाई." ट्रक चौकात उभा राहिला, भोंगे वाजले, आणि शिवणाऱ्या बायकांना न घेताच गेला. केवढी छाती लागली असेल त्या बायकांना! हातातला कोयता सोडून भरवसा कशावर, तर उलट्या फिरवलेल्या पट्टीवर.

माल गेला. नंतरचे दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. मग एका सकाळी शेठचा फोन आला, माल तिकडे सुटला, पुढचं कापड पाठवतोय. गोदामात जो काही आरडाओरडा झाला! आक्का तेवढी शांत. "न सुटायला काय झालं?" म्हणाली आणि चहा टाकायला सांगितला. पण चहा आला तेव्हा तिनं साखर दोनदा घातली, ते मी बघितलं. त्या वेळी मला तिचा केवढा अभिमान वाटला!

त्यानंतर संस्था चालली. कधी जोरात, कधी रडतखडत. आक्का भांडली, रुसली, दोनदा राजीनामा दिला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन बसली. आणि महिन्यापूर्वी दुपारी जेवून जी आडवी झाली ती उठलीच नाही. कुणाची सेवा घेतली नाही. तो मान तिनं आम्हाला द्यायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

परवा मी दिंद्रुडला गेले. यंदा पुन्हा कोरडं. दिवाळी झालीय, चौकात ट्रक उभा होता आणि भोंगा वाजत होता. आता धाक कुणाचा? थांबवणार कोण? गोदामाशी पोचले तर मुकादम दारातच उभा. गोदावरीला म्हणत होता, "आक्का तर गेल्या. आता कशाला वाट बगायची? बसा गाडीत."

गोदावरी मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "आक्का गेल्या," ती म्हणाली, "काम न्हाई गेलं. हिथून एकबी बाई मिळायची न्हाई. सरका, उजेड अडवू नका."

तो सरकला. सगळी मशिनं चालू होती. मी आत गेले, एक स्टूल ओढून बसले आणि इतके दिवस आवरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. हमसून हमसून रडायला लागले. गोदावरीनं मशीन थांबवलं. वाटलं, जवळ घेईल. तिचेही डोळे भरलेले होते. पण तिनं माझ्या मांडीवर आलेली कापडाची थप्पी आधी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली,

"वैनी, रडायचं आसंल तर भाईर बसून रडा. लोकरीवर डाग पडतेत."