हीरोच्या उजेडाबाहेर

माझ्यासारख्याने कुणावर लिहायला बसावं, हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही, त्यामुळे अशा कामाला परवानगी कुणाकडे मागतात तेही मला ठाऊक नाही. म्हणून माफी मागूनच सुरुवात करतो.

केळुस्करआजोबा म्हातारपणी इंग्लंडला आले आणि लंडनच्या हाउन्सलो भागात आमच्या शेजारी राहायचे. तरुणपणी मालवणहून खलाशी म्हणून निघाले, अमेरिकेत बोट सोडली आणि हॉलिवूडला पोचले. जुन्या कृष्णधवल सिनेमांत महाराजांच्या मागे पंखा घेऊन किंवा साहेबाच्या मागे बंदूक घेऊन जो उभा असतो, तो म्हणजे आजोबा. "पडद्यावर इतक्या वेळा मेलोय," ते म्हणायचे, "की आता यमालासुद्धा खरं वाटायचं नाही."

एकाच सिनेमात त्यांना संवाद मिळाले. हौसेने थिएटरात जाऊन बसले, तर ओठ त्यांचे आणि आवाज भलत्याच माणसाचा. "त्याला सर्दी झाली होती रे!" हे सांगताना मात्र ते हसत नसत.

मला कोर्ससाठी छोटी फिल्म करायची होती. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आवाज माझाच ठेवशील?" मी वचन दिलं. मग क्लोज-अप म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी अगदी मन लावून ऐकून घेतलं.

एकाकीपणावर मी पानभर स्वगत लिहिलं होतं. ते वाचून आजोबा म्हणाले, "एवढं ऐकेपर्यंत दारातला पाहुणा परत जाईल." शेवटी एकच वाक्य उरलं: "या, दार उघडंच आहे."

शूटिंग त्यांच्या किचनमध्ये. कॅमेरा सुरू झाला की आजोबा आपोआप मागे सरकायचे, थेट फ्रिजच्या आड.

"आजोबा, उजेडात या ना."

"उजेड हीरोचा असतो."

"अहो, हीरो तुम्हीच आहात!"

"मग माझ्यापुढे कोण आहे?"

पुढे कुणीच नव्हतं, हीच तर अडचण होती. शेवटी मीच पुढे जाऊन उभा राहिलो. लगेच माझ्या खांद्यामागून ते वाक्य आलं, इतकं साधं, की मी अभिनय विसरून वळून बघत बसलो.

"कॅमेऱ्याला पाठ दाखवू नये, हीरो," आजोबा म्हणाले.

फिल्ममध्ये निम्मी जागा माझ्या कानानेच खाल्ली होती. "हा पुढचा मुलगा कशासाठी आहे?" ट्यूटरने विचारलं. मी स्वतःला कापून टाकलं आणि मागचा चेहरा ओढून मोठा केला. तो पार धूसर झाला. आवाजाला मात्र हात लावला नाही.

आजोबा तोवर हॉस्पिटलमध्ये होते. जवळच्याच रीडिंग शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, शुभामावशीला, मी फिल्म पाठवली. बरेच दिवस उत्तर आलं नाही. चेहरा बिघडवला म्हणून आजोबा रागावले, असंच मी धरून चाललो.

काल मावशीचा फोन आला. "बाबा सोमवारी गेले रे. फिल्म दाखवली होती मी. त्यांनी डोळे मिटूनच ऐकली. मग विचारलं, 'आवाज माझाच ना?' मी हो म्हटलं."

"मग?"

"म्हणाले, 'त्या नर्सला बोलाव.' मी म्हटलं, बाबा, तिला मराठी कुठे कळतंय? तर म्हणाले, 'कळायला कशाला हवं? नुसतं ऐकू दे तिला.'"