अर्जदार मी, रुग्ण अक्का

"ही मॅनिया आहे," सिव्हिल हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. "मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस. त्यातला चढता काळ."

मी शब्द वहीत उतरवून घेतला. त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. या आजारात मन काही आठवडे किंवा महिने भरधाव सुटतं. झोप उडते, जेवणाचं भान राहत नाही, बोलणं थांबत नाही. कधी त्याच्या उलट होतं, माणूस खचून बसतो. मधल्या काळात तो चारचौघांसारखा असतो.

रुग्ण म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. वय चव्वेचाळीस. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मोहोळजवळच्या आमच्या गावातून शिकून बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. सोलापुरात नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत ती चौथीला शिकवायची. विणकरांच्या वस्तीत दोन खोल्या घेऊन आम्ही दोघं राहत होतो. मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. साल पंच्याहत्तर, आणीबाणी लागून दीड महिना झाला होता.

अकरा दिवसांत अक्का सगळी मिळून दहा-बारा तास झोपली असेल. एकदा तिने वर्गातल्या मुलींना उजाडायच्या आत तळ्यावर नेलं आणि पाण्यात पाय सोडून भूगोल शिकवला. पालक शाळेवर धावून आले. घरातली भांडी तिने गल्लीत वाटून टाकली. या दिवसांत ती निम्मी झाली होती.

औषधाला ती तयार नव्हती. "डॉक्टर, जन्मात पहिल्यांदा मला थकवा नाही आणि तुम्ही म्हणता आजार," ती म्हणाली. "थकले म्हणून आले असते तर बरी आहेस म्हणून घालवलं असतंत की!"

डॉक्टर हसले. मला बाहेर नेऊन म्हणाले, "अशा अवस्थेत माणूस नुसत्या दमणुकीनं जाऊ शकतो. त्या आपणहून दाखल होणार नाहीत. कायद्यानं ठेवावं लागेल."

हा कायदा १९१२ सालचा, इंडियन लुनसी अ‍ॅक्ट. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी त्याची रीत लिहून ठेवतो. नातेवाईक मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करतो. सोबत दोन डॉक्टरांचे दाखले लागतात, त्यांतला एक सरकारी डॉक्टरचा. दाखल्यात दोन भाग असतात: डॉक्टरने स्वतः काय पाहिलं आणि इतरांनी त्याला काय सांगितलं. मॅजिस्ट्रेटची खात्री पटली की रिसेप्शन ऑर्डर निघते, म्हणजे मनोरुग्णालयात ठेवून घेण्याचा हुकूम.

अर्ज मीच लिहिला. एक पान, अकरा वाक्यं. वकिलाने वाचून सांगितलं, "यात हात लावायला जागा नाही."

त्यातलं सातवं वाक्य असं होतं: "दिनांक अमुक रोजी सदर स्त्री जळते लाकूड घेऊन शेजारच्या मुलीच्या अंगावर धावून गेली." हे मी पाहिलेलं नव्हतं. आमच्या शेजारच्या नरसम्मा, मागावर काम करणाऱ्या कुटुंबातल्या. दोन दिवसांपूर्वी मी कामाला निघालो असताना त्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, "अण्णा, अक्का जळतं लाकूड घेऊन पळायल्या की गल्लीतनं! आमची पोरगी पुढं पळायली, लई भ्याली." त्या अजून बोलत होत्या. मी चपला घालून निघालो होतो.

दोन वाक्यांचं एक करणं हे माझं रोजचं काम. बातमीदाराच्या मजकुरातली जागा वाचवायची, अर्थ तोच ठेवायचा. इथे अर्थ तोच राहिला का, हे मी तपासलं नाही. ते वाक्य दोन्ही दाखल्यांत "इतरांनी सांगितले" या सदरात गेलं.

मॅजिस्ट्रेटने रुग्णाला स्वतः पाहावं अशी कायद्याची अपेक्षा आहे. आवश्यक वाटलं नाही तर तो ते टाळू शकतो. आमच्या मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "बाईंना आणलंय?" डॉक्टर म्हणाले, "आणण्यासारखी स्थिती नाही, साहेब." सातव्या वाक्यावर पेन टेकवून त्यांनी मान हलवली आणि सही केली. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं लागली असतील.

मनोरुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात होतं. आम्ही गाडीने गेलो. बरोबर एक हवालदार आणि हॉस्पिटलातली एक आया. अक्काने वाटेत हवालदाराला पाढे विचारले. एकोणतीसला तो अडला. तिथल्या दारातून आत नेताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

क्लोरप्रोमाझिन सुरू झालं. हे मनाचा वेग उतरवणारं औषध, त्याने तोंड कोरडं पडतं आणि हात थरथरतात. पुढे सहा वेळा ई.सी.टी. दिली, म्हणजे मेंदूला काही क्षण विजेचा सौम्य झटका. तिच्या संमतीचा प्रश्न नव्हता. सही माझी चालली. चार आठवड्यांत अक्काला रात्रभर झोप लागू लागली, वजन वाढलं. उपचार लागू पडले आणि तिचा जीव वाचला. या दोन्ही गोष्टी मी आजही मानतो.

सहाव्या आठवड्यात मी भेटीला गेलो तेव्हा ती शांत होती. बोटांनी पदराचं टोक चुरगाळत होती.

"मला घरी कधी नेतोस?"

मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फाइल उघडली. "झोप, भूक, बोलणं, सगळं ठीक. पण इनसाइट नाही." इनसाइट म्हणजे आपण आजारी होतो याची जाणीव. "मुलीवर धावून गेलात हे मान्य आहे का, असं दर आठवड्याला विचारतो. त्या म्हणतात, गेलेच नाही. अर्जदाराने मागणी केली तर सोडता येतं, पण रुग्ण धोकादायक असल्याचं आम्ही लिहिलं तर नाही."

मी परत येऊन अक्काला म्हणालो, "अक्का, झालं ते कबूल कर. आजारात होतं तसं."

"तू पण?" ती म्हणाली. "कुत्र्यामागं धावले होते रे. पोरीला विचार जा की."

माझा विश्वास बसला नाही. तरी सोलापूरला उतरल्यावर मी नरसम्मांकडे गेलो.

"व्हय, पिसाळलेलं कुत्रं!" त्या म्हणाल्या. "पोरीच्या मागं लागलं, त्याच्या मागं अक्का. त्या नसत्या तर पोरीच्या पोटात चौदा इंजेक्शनं. त्या दिशी तेच सांगायलते. तुमी थांबला न्हाई की."

वर्तमानपत्रात चूक झाली की आतल्या पानावर, खाली, लहान टायपात दुरुस्ती येते. मी नरसम्मांचा जबाब लिहिला आणि पूर्ण वाचून दाखवला. त्यांनी अंगठा दिला. माझं प्रतिज्ञापत्र आणि सुटकेचा अर्ज जोडून मी ते कागद मनोरुग्णालयात घेऊन गेलो. अधीक्षकांनी सावकाश वाचलं.

"तुमचं हे एक वाक्य," ते म्हणाले, "आम्ही सात आठवडे औषधानं दुरुस्त करत होतो."

तिसऱ्या दिवशी अक्का सुटली.

गाडीत ती खिडकीशी बसली. डब्यात कुणी ओळखीचं नाही ना, एवढंच तिने विचारलं. लोक चौकशीला यायला नको होते. मग म्हणाली, "मला न्यायला नको होतं, असं मी म्हणत नाही. मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तू नाही म्हणालीस."

"मग माझं नाही लिहायचं होतंस. पानभर माझ्याबद्दल लिहिलंस, त्यात माझा एक शब्द नाही."

त्या अर्जाच्या नमुन्यात रुग्णाच्या म्हणण्यासाठी रकाना नाही, हे खरं. पण ते लिहायला मला कुणी मना केलं नव्हतं.

सत्त्याहत्तरच्या सुरुवातीला आणीबाणीतले स्थानबद्ध सुटून गावात आले. मिरवणूक निघाली, हार पडले. खटल्याशिवाय माणसाला कोंडून ठेवण्यावर आम्ही अग्रलेख छापला. अक्काने तो सकाळी वाचला आणि चहा पुढे करत म्हणाली, "त्यांना हार. मी सुटले तेव्हा वाण्यानं मोजून सुट्टे दिले आणि हात मागं घेतला."

दोन्हींत फरक आहे, हे तिलाही माहीत होतं. स्थानबद्धांना कुणाच्या भल्यासाठी ठेवलं नव्हतं. तिला ठेवलं होतं. पण भल्यासाठी ठेवलेल्या माणसाची बाजू ऐकायची गरज कुणालाच वाटत नाही. तिथे कुणी वाईट वागलं नाही. डॉक्टर सज्जन होते, मॅजिस्ट्रेटने नियम मोडला नाही, मी भाऊ होतो. एवढ्या चांगल्या माणसांमध्ये अक्काला विरोधी पक्ष नव्हता.

पुढे आम्ही एक ठरवलं. झोप गेली की मी मोजायचं आणि तोंडावर सांगायचं. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहायचं. पाचव्या दिवसापर्यंत थांबायचं. त्यापुढे जिवाला धोका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झालं.

"अक्का, तीन रात्री झाल्या."

"मोजतोस? मोज. मी येणार नाही. पुन्हा अर्ज लिहायचा असेल तर लिही, तुला दुसरं येतं काय?"

मी तिचं नाही लिहून घेतलं, वेळ घातली, वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वही भरत गेली. मला भीती वाटत होती. पाचवा दिवस उजाडला आणि ती नाहीच म्हणाली तर मी अर्ज करणार होतो, आणि तेही तिला सांगितलं होतं.

"वाच बघू, काय काय म्हणाले मी."

मी वाचलं.

"सात वेळा? हट्टीच आहे बाई मी." ती खोलीत दोन फेऱ्या मारून थांबली. "पिशवी भर. शाळेत चिठ्ठी दे."

त्याच कायद्यात एक कमी वापरली जाणारी तरतूद आहे: रुग्ण स्वतः मागणी करून राहू शकतो. त्याला बोर्डर म्हणतात. त्याने लेखी कळवलं की चोवीस तासांच्या आत सोडावं लागतं. अधीक्षक तेच होते. मला विसरता येणार नाही अशा तत्परतेने त्यांनी व्हिजिटर मंडळातल्या, म्हणजे रुग्णालयावर देखरेख ठेवणाऱ्या समितीतल्या, दोघांची संमती आणवली.

कारकुनाने कागद सवयीने माझ्याकडे सरकवला.

"इकडं द्या," अक्का म्हणाली.

ती उभ्याने वाचत होती. एका ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "सोडण्याचं यातच ना?" कारकून हो म्हणाला. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पूर्ण नावाने, शाळेच्या हजेरीपटावर करायची तशी, ठसठशीत सही केली.

त्या कागदावर माझ्या सहीला जागा नव्हती. पेनाचं टोपण हातात धरून मी बाजूला उभा होतो.